शिपुदेनमधली पात्रं मध्येच अशी का वागतात? (जरा लांबलंय, सवडीने वाच)

प्रश्न थोडक्यात परत मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. तू नारुतो ही जपानी ॲनिमे मालिका आणि त्यापुढचं शिपुदेन सलग बघून संपवलंस आणि आता वैतागलायस. नारुतोच्या टीममधली साकुरा व्हिलन सासोरीशी लढताना जबरदस्त होती आणि नंतर परत रडण्यापुरतीच उरली. त्याच टीममधल्या सासुकेचं ध्येय सारखं बदलतं. व्हिलन नुसत्या भाषणाने सुधारतात. आणि शेवटी मुख्य व्हिलन मादाराला बाजूला सारून ती कागुया कुठून तरी टपकते. हे सगळं वाईट लिखाण आहे की आपल्यालाच काही कळलं नाही, हा तुझा प्रश्न. आणि खाली हळूच असंही लिहिलंयस की तू आणि तुझा मित्र मिळून एक ॲक्शन कॉमिक करताय, त्यात असं होऊ द्यायचं नाहीये. सेकंड इयरला आहेस म्हणून सरळ अरेतुरे करतोय, राग मानू नकोस.

मी मराठी डेली सोपची पटकथा लिहितो, बरीच वर्षं झाली. ॲनिमे बनवायचा अनुभव शून्य. पण ठरलेल्या दिवशी एपिसोड गेलाच पाहिजे, गोष्ट कधी संपणार हे आपल्या हातात नाही, गुरुवारी टीआरपीचे आकडे आले की चालू ट्रॅक वळवायचा, हा सगळा कारभार आतून बघितलाय. आणि नारुतो आधी पोरांमुळे आणि मग स्वतःच्या हौसेने पूर्ण बघितलंय, मंगाही, म्हणजे मूळ कॉमिकही, वाचलाय. तेव्हा जे लिहितोय ते लिहिणाऱ्याच्या खुर्चीत बसून.

पहिलं म्हणजे तुझ्या चारही तक्रारी एका जातीच्या नाहीत. साकुराचा प्रॉब्लेम वेगळा आहे. सासुकेला माझ्या मते प्रॉब्लेमच नाहीये. भाषणाने सुधारणारे व्हिलन एका ठिकाणी बरोबर आहेत आणि दुसऱ्या ठिकाणी अर्धेच. आणि कागुया हा खरंच घोळ आहे, पण लोक जे कारण देतात ते मला पटत नाही.

त्याआधी, तू नेमकं काय बघितलंस यावर बरंच अवलंबून आहे. मंगा १९९९ ते २०१४ शोनेन जंप या मासिकात दर आठवड्याला येत होता, ७०० प्रकरणं, ७२ खंड. ॲनिमे २००२ ला सुरू झालं, २२० एपिसोड, मग २००७ ते २०१७ शिपुदेनचे ५००. म्हणजे दोन्ही एकाच वेळी चालू. आता मंगाच्या एका प्रकरणात वीसेक पानं, त्यात एक एपिसोड नीट भरत नाही, त्यामुळे ॲनिमे धावत धावत मंगाला गाठतं आणि गाठलं की थांबायला जागा नाही, चॅनलवर स्लॉट आहे, मग फिलर, म्हणजे मंगात नसलेले भरतीचे एपिसोड. पहिल्या मालिकेत सासुके गाव सोडून जातो तो भाग १३५ व्या एपिसोडपर्यंत संपतो आणि तिथून २२० पर्यंत जवळजवळ सगळं फिलर आहे. शिपुदेनमध्ये तर ऐन कळसाला, सगळं जग अनंत त्सुकुयोमी या मायाजालाच्या झोपेत असताना, कोणाकोणाची स्वप्नं दाखवत बसलेत.

फिलरचा एक नियम असतो जो बाहेरून दिसत नाही. पात्र ज्या अवस्थेत घेतलं त्याच अवस्थेत परत ठेवायचं. कारण पुढचं मूळ प्रकरण आलं की ते मागच्या मूळ प्रकरणाला जोडायचंय. त्यामुळे फिलरमध्ये माणूस काहीतरी शिकतो, रडतो, मोठा होतो आणि दोन एपिसोडनंतर काहीच न झाल्यासारखा उभा असतो. दर आठवड्याला एक बघणाऱ्याला हे एवढं टोचत नाही, सलग बघणाऱ्याला प्रचंड टोचतं. आमच्याकडे मुख्य कलाकाराच्या डेट्स नसल्या की हेच करतो, घरातल्या कुणाचं तरी छोटं प्रकरण चालवायचं, ज्याने मूळ गोष्टीत काडीचाही फरक पडणार नाही. तेव्हा तुझ्या वैतागातला निदान एक मोठा हिस्सा स्टुडिओच्या वेळापत्रकाच्या नावावर टाक, मंगाचा लेखक किशिमोतोच्या नको.

बरं, मग उरलेलं. कमेंटमध्ये एकाने लिहिलंय की ‘आधी प्लॅनच केलं नव्हतं म्हणून असं झालं’. हे मला अजिबात मान्य नाही. साप्ताहिक चालणाऱ्या गोष्टीत सगळं प्लॅन करून कुणी बसत नाही, बसला तरी ते टिकत नाही. सासुके स्वतःच मुळात किशिमोतोच्या डोक्यात नव्हता, संपादक म्हणाला की नारुतोला एक प्रतिस्पर्धी हवा, म्हणून तो आला. अख्ख्या मालिकेचा कणा असलेलं नातं हे नंतर घुसवलेलं आहे! ड्रॅगन बॉलचं बघ. त्याचा लेखक तोरियामाने अँड्रॉइड १९ आणि २० हे व्हिलन म्हणून आणले, त्याच्या जुन्या संपादकाला ते आवडले नाहीत, मग १७ आणि १८ आले, तेही पसंत पडेनात, मग सेल आला. निव्वळ ठिगळं. तरी सेलचा भाग लोक आजही डोक्यावर घेतात. का? कारण प्रत्येक ठिगळ कुणाच्या तरी स्वभावातून शिवलंय. १८ ला बंद पाडायचं रिमोट क्रिलिनच्या हातात असतं आणि ती आवडलेली असल्यामुळे तो ते फोडून टाकतो. सेलला पूर्ण रूप मिळतं ते व्हेजिटाच्या माजामुळे, त्याला तगडा शत्रू हवा असतो, आणि स्वतःचा पोरगा आडवा आला तर तो त्यालाही उडवतो. लेखकाला सेल मोठा करायचा होता हे उघड आहे, पण पडद्यावर ते व्हेजिटाने केलं. आपण व्हेजिटाला शिव्या घालतो, तोरियामाला नाही.

माझा मुद्दा एवढाच आहे. प्लॉट वळवावा लागतो, सगळ्यांनाच लागतो. तो वळवताना निर्णय पात्राच्या हातात राहिला की प्रेक्षक मोठमोठी भोकं माफ करतो. निर्णय हातातून काढून घेतलास की गणित कितीही बरोबर असू दे, माणूस उठून जातो.

हे धरून आता सासुकेकडे बघ. आधी भाऊ इताचीला मारायचं. मारल्यावर तोबी नावाच्या मुखवटेवाल्याकडून कळतं की कुळाचा संहार इताचीने गावाच्या वरच्या लोकांच्या हुकुमावरून केला होता, मग गावच संपवायचं. मग परत उठवलेला इताची भेटतो, त्याच्याबरोबर मेलेल्यांना उठवणाऱ्या काबुतोशी लढतो, मग जुना गुरू ओरोचिमारूला परत आणून जुन्या होकागेंना, म्हणजे गावच्या प्रमुखांना, विचारतो की गाव म्हणजे काय, आणि पहिला होकागे हाशिरामाची गोष्ट ऐकून युद्धात गावाच्या बाजूने उतरतो. आणि सगळ्यात शेवटी म्हणतो की पाचही गावांच्या प्रमुखांना, म्हणजे कागेंना, मारणार आणि जगाचा सगळा द्वेष एकटा अंगावर घेणार. वरवर बघता डोकं फिरलेलं पोरगं. पण नीट बघ, दर वेळी त्याचा प्रश्न तोच आहे, माझ्या भावाने हे का केलं. उत्तर बदलतं तसा तो बदलतो. आणि शेवटचा प्लॅन काय आहे? एकट्याने वाईट ठरायचं आणि बाकीच्यांनी शांततेत राहायचं, म्हणजे तो स्वतः इताची व्हायला निघालाय. इतकं सरळ रेषेत लिहिलेलं पात्र त्या मालिकेत दुसरं नाहीये. तुला ते तुटक वाटलं कारण दोन वळणांच्या मध्ये युद्धाचे ढीगभर एपिसोड आहेत ज्यात तो दिसतच नाही. हा मांडणीचा दोष झाला, स्वभावाचा नाही.

साकुराचं उलटं. ती बदलली असं तू म्हणतोस, मला वाटतं ती बेकार झाली, म्हणजे अक्षरशः काम नसलेली. सासोरीच्या लढाईत चियो आजीला तिची गरज होती, विषावरचा उतारा तिनेच बनवला होता, ती लढाई तिच्याशिवाय झालीच नसती. पुढे तिच्यावाचून अडेल अशी जागाच कमी कमी होत गेली, कारण शत्रू एवढे वाढत गेले की त्यांना फक्त नारुतो आणि सासुकेच पुरे पडणार. मग लेखक अशा पात्राला सोपं काम देतो, दुसऱ्याच्या भावना दाखवायचं. ते बर्फातलं खोटं प्रेम कबूल करणं आठव, किंवा विषारी कुनाई, म्हणजे निंजाचा सुरा, घेऊन सासुकेला मारायला जाणं आणि ऐन वेळी हात अडखळणं. हे प्रसंग लिहायला वाईट नाहीयेत, दुसऱ्यात तर निर्णय तिचा स्वतःचा आहे, चांगला धाडसी. पण त्याची किंमत तिला पुढे कुठेच मोजावी लागत नाही. सासुकेला मारायला गेले होते आणि जमलं नाही, ही गोष्ट माणूस आयुष्यभर घेऊन फिरेल, आणि ती तीन एपिसोडनंतर नेहमीसारखी. युद्धात कपाळावरची साठवलेल्या शक्तीची खूण उघडते तेव्हा टाळ्या पडतात, पण तोवर उशीर झालेला असतो, शेजारी दोघं देवासारखे उभे. आमच्याकडे अशा पात्राला निदान गावाला पाठवायची सोय असते, सातव्या टीमच्या मुलीला कुठे पाठवणार!

आता भाषणं. गाव उद्ध्वस्त करणारा पेन, म्हणजे नागातो, सुधारतो तेव्हा नेटवर सगळे हसतात, मला मात्र तो भाग फार पक्का वाटतो. नागातो आणि नारुतो दोघांचा गुरू एकच, जिराया. जिरायाच्या पहिल्या पुस्तकाचा नायक नागातोच्याच बोलण्यावरून सुचलेला आणि त्या नायकाचं नाव नारुतो. म्हणजे नारुतो समोर जाऊन बसतो तेव्हा नागातोला स्वतःचीच जुनी आशा समोर दिसतेय. शिवाय नारुतोकडे उत्तर नाहीये, तो प्रामाणिकपणे सांगतो की द्वेष कसा थांबवायचा मला माहीत नाही. आणि नागातो नुसता मान हलवून घरी जात नाही, मेलेल्या गावकऱ्यांना परत आणतो आणि त्यात स्वतः मरतो. तुझी तक्रार असेल की त्यामुळे टीमचा गुरू काकाशी जिवंत झाला आणि मरण स्वस्त झालं, तर ती रास्त आहे, युद्धात काबुतोने एवढ्या मेलेल्यांना उठवल्यावर तर मरणाला काही अर्थच उरला नाही. पण नागातोच्या बाजूने हिशोब चोख आहे.

ओबितोच्या, म्हणजे त्याच मुखवटेवाल्या तोबीच्या, वेळी तसं होत नाही. त्याचं जिच्यावर प्रेम आहे ती रिन काकाशीच्या चिदोरीसमोर, त्या विजेच्या वारासमोर, स्वतः उडी मारते, कारण तिच्या अंगात तीन शेपट्यांचा राक्षस कोंडलेला असतो आणि तो घेऊन ती गावात परतली तर गाव उद्ध्वस्त होईल. हा रिनचा निर्णय, भयंकर आणि सुंदर. ओबितो ते बघतो आणि ठरवतो की असं जगच नको. इथपर्यंत मी पूर्ण त्याच्याबरोबर. चौदा वर्षांचा पोरगा नऊ शेपट्यांचा कोल्हा कसा काय सोडतो असं कुणी विचारलं तर मी म्हणेन जाऊ दे ना बाबा, अंगात हाशिरामाच्या पेशी आहेत, मादाराने शिकवलंय, चालतं. पण मग कळतं की रिनचं ते सगळं मादारानेच घडवून आणलं होतं. झालं. ओबितो आता फसवलेला माणूस झाला, आणि फसवलेल्या माणसाचा पश्चात्ताप हलका असतो कारण चूक अर्धी दुसऱ्याची.

आणि मग हीच खेळी मादारावर होते. बघ, मादारा जिंकलाय, चंद्रावर डोळा उमटलाय, सगळं जग झोपलंय, आणि त्याचाच साथीदार काळा झेत्सू मागून हात आरपार घालतो. वर सांगतो की उचिहांची, म्हणजे मादाराच्या कुळाची, ती शिळा, जी वाचून मादाराने आयुष्य घालवलं, त्यातला मजकूर मीच बदलला होता, कागुयाला परत आणण्यासाठी. कागुया अचानक आली ही लोकांची तक्रार, अचानक येणं मी एक वेळ सोडून देईन, नावाचा उल्लेख आधी पेरलेला आहे. खरा तोटा असा की मादाराचा विचार हा त्याचा उरलाच नाही. हाशिरामाबरोबर नदीकाठी दगड टाकत बघितलेलं स्वप्न, भावाचा मृत्यू, गाव वसवणं, गाव सोडणं, या सगळ्यातून आलेला एक पूर्ण माणूस होता, चुकलेला पण स्वतःच्या अकलेने चुकलेला. झेत्सूने तो एका वाक्यात बाहुलं करून टाकला. आणि नारुतोने मादाराला उत्तर द्यायचं राहूनच गेलं, कारण समोर आता कागुया होती जिच्याशी वाद घालण्यासारखं काही नव्हतंच.

याचाच भाऊ म्हणजे नारुतो आणि सासुके हे जुन्या ऋषीच्या मुलांचे, आशुरा आणि इंद्रचे, पुनर्जन्म असणं. निंजांच्या चुनिन परीक्षेत ह्युगा कुळातला नेजी म्हणतो की माणसाचं नशीब जन्मातच ठरतं आणि नारुतो, जो तोपर्यंत वर्गातला ढ आहे, त्याला जमिनीखालून येऊन ठोसा मारतो. मला वाटतं अर्ध्या जगाने ती मालिका त्या ठोशासाठी पुढे बघितली. नंतर कळतं की तो चौथ्या होकागेचा मुलगा. ठीक, आईबापाचा शोध ही गोष्ट लागणारच होती, आणि आई कुशिनाचा भाग बघून डोळे ओले होतातच. पण त्यावर ऋषीच्या मुलाचा अवतार? आता कुणी म्हणेल, आशुरा स्वतः काहीच न येणारा होता, मित्रांच्या मदतीने मोठा झाला, म्हणजे कष्टाचाच विजय. हो, कागदावर बरोबर आहे. पण नेजीचा मुद्दा हा होता की जन्माने ठरतं, आणि उत्तर आलं की हो, तुझं जरा आधीच्या जन्मापासूनच ठरलेलं. नेजी बिचारा तोवर नारुतो आणि हिनाताला वाचवताना मेलेला. होकागे झाल्यावर ह्युगा कूळ बदलेन असा शब्द नारुतोने त्याला दिला होता, तो मूळ ७०० प्रकरणांत पाळलेला कुठे दिसत नाही. मला विचारशील तर संपूर्ण मालिकेतलं सगळ्यात मोठं भोक हे आहे, कागुया वगैरे त्याच्यापुढे किरकोळ.

त्याच युद्धात उलट उदाहरणही आहे. गाइ सेन्सेई आठवं दार उघडतो. त्याच्याकडे कूळ नाही, जादूचे डोळे नाहीत, अवतार नाही, नुसता व्यायाम. मादाराला खरा आनंद होतो असा मार तो मादाराला देतो. नारुतो त्याला मरू देत नाही हे थोडं लबाडीचंच झालं, तरी पाय गेला तो गेलाच, शेवटी तो व्हीलचेअरवर आहे. त्याचा शिष्य रॉक ली गाराशी लढून मोडला होता तेव्हापासून जे सांगितलं होतं ते इथे पूर्ण होतं. म्हणजे किशिमोतोला हे येत नव्हतं असं नाही, शेवटच्या दोन-तीन वर्षांत गोष्ट एवढी फुगली की सगळ्यांना हा न्याय देणं शक्य राहिलं नाही.

थोडक्यात, साकुराला काम उरलं नाही, सासुके ठीक आहे पण पसरलाय, पेन पक्का, ओबितो-मादारा यांच्या हातातून त्यांचेच निर्णय काढून घेतले गेले.

तुझ्या कॉमिकबद्दल. किती प्रकरणं करणार, छापणार की इन्स्टावर टाकणार, चित्रं कोण काढतंय, यावर सल्ला बदलेल, तू ते लिहिलं नाहीयेस. पण मी काय करतो ते सांगतो. प्रत्येक मुख्य पात्रामागे एक पान ठेवतो. त्यावर आवडता रंग, राशी असलं काही नसतं, चॅनलला दाखवायच्या फाइलमध्ये ते असतं. माझ्या पानावर दोनच गोष्टी असतात, या माणसाने शेवटचा स्वतःहून घेतलेला निर्णय कुठला आणि त्यात त्याचं काय गेलं. ट्रॅक लांबला आणि ते पान बरेच दिवस बदललं नाही की समजायचं हे पात्र आता फर्निचर झालंय. मग त्याला काम शोधायचं किंवा सरळ बाहेर काढायचं. तुमच्यासारख्या ॲक्शनमध्ये मारामारीने पान बदलतंय असं वाटतं, ते खोटं आहे, नवीन पॉवर मिळाली हा निर्णय नाही.

दुसरं, सीन लिहून झाला की त्यातली नावं मनात बदलून बघतो. हीच गोष्ट टीममधल्या दुसऱ्या कुणी केली असती तरी सीन तसाच्या तसा चालला असता का? चालला असता तर तो पात्राचा सीन नाही, प्लॉटचा निरोप आहे. असे निरोपाचे सीन लागतातच, पण सलग तीन आले की थांबायचं.

पॉवरच्या नियमांबद्दल तू बरंच लिहिलंयस, चक्राचे प्रकार, लेव्हल वगैरे. ते कर, मजा येते, पण त्यात सगळा वेळ घालवू नका. नारुतोचं शॅडो क्लोन घे, क्लोन फुटला की त्याचा अनुभव मूळ माणसाला मिळतो हा नियम, मग शेकडो क्लोन घेऊन तो वाऱ्याचं ट्रेनिंग करतो. नियम छान आहे, पण तो लक्षात राहतो कारण नारुतोकडे तेवढं चक्र आणि तेवढा हट्ट दोन्ही आहे, दुसरं कुणी असतं तर दमून झोपलं असतं. नियम स्वभावाला लागला पाहिजे. आणि एक नियम आधीच ठरवून टाका, मेलेला माणूस परत येणार की नाही. यावर मधेच मन बदललंत तर मागचं सगळं रडणं फुकट जातं.

व्हिलनचं भाषण हवंच असेल तर हिरोकडे उत्तर अर्धवट असू दे, आणि व्हिलनला मागे फिरण्यासाठी काहीतरी सोडावं लागू दे. आणि कृपा करून व्हिलनच्या मागे अजून एक व्हिलन लपवू नका. मोह होतो, मित्र तर नक्की सुचवेल, ‘अरे खरा मास्टरमाइंड हा नव्हताच’. लिहिताना फार भारी वाटतं. ज्याच्यावर तुम्ही दहा प्रकरणं खर्च केलीत त्याला तुम्ही त्या क्षणी निकामी करताय.

शेवटी तू विचारलंयस की आता मंगा वाचू का. सगळा नको, वेळ जाईल. इताची-सासुकेच्या लढाईपासून पाच कागेंच्या बैठकीच्या शेवटापर्यंत सलग वाच. पेनचा भाग मध्येच येतो. तेवढ्यात सासुके किती सरळ चालतो ते फिलरशिवाय दिसेल, आणि तुमच्या कॉमिकला उपयोग होईल तो तिथलाच. युद्ध वाचायचंच असेल तर गाइ आणि मादाराची लढाई काढून वाच, बाकीचं बघितलंयस ते पुरे.